जखमेचा हक्क आणि समेटाची वाट



कबनूर आणि इचलकरंजीचा परिसर यंत्रमागांचा आहे. सुताची बाचकी आणि कापडाचे तागे वाहणारे टेम्पो दिवसरात्र धावत असतात. अशा रस्त्याने फज्रच्या नमाजसाठी निघालेले एखाद्या घरातील सत्तर वर्षांचे अब्बा समजा वाहनाच्या धडकेने पडले व त्यांच्या मांडीचे हाड मोडले. शस्त्रक्रिया होते, उसनवारी होते आणि घरात प्रश्न उभा राहतो. दावा करावा काय? समोरून जी रक्कम देऊ केली आहे ती घ्यावी, की निकालापर्यंत लढावे? हा प्रश्न वकिलाचा आहे, तसाच तो दीनचाही आहे.

प्रथम एक गैरसमज दूर करू. ‘जे झाले ते नशिबात होते, दावा कशाला?’ असे काही जण म्हणतात. तकदीरवर ईमान असणे आणि आपला हक्क मागणे यांत विरोध नाही. चुकून झालेल्या हत्येसाठीही सूरह निसाच्या ९२ व्या आयतीत दियत, म्हणजे भरपाई, ठरवून दिली आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी अवयवांच्या इजेचीही भरपाई सांगितली, हदीसमध्ये एका बोटासाठी दहा उंटांचा उल्लेख आहे. क्षमा करणे श्रेष्ठ होय आणि सूरह शूराच्या ४० व्या आयतीनुसार क्षमा करून समेट करणाऱ्याचा मोबदला अल्लाहकडे आहे. परंतु क्षमा करण्याचा अधिकार ज्याला जखम झाली त्याचा आहे. दुसऱ्याने त्याच्या वतीने उदार होऊ नये.

आता कायद्याची बाजू पाहू. रस्ता अपघाताचा दावा मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १६६ खाली मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे दाखल होतो. १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने त्यासाठी सहा महिन्यांची मुदत घातली आहे. म्हणून पोलिसांत नोंद, पंचनामा आणि औषधोपचाराच्या पावत्या पहिल्याच दिवसापासून जपाव्यात. धडक देणारे वाहन सापडलेच नाही, तर गंभीर दुखापतीसाठी ५० हजार रुपयांची वेगळी तरतूद आहे.

वृद्धाच्या दाव्यात किती मिळू शकते, याचा हिशेब थंड डोक्याने करावा. कमाईच्या नुकसानीची रक्कम वयानुसार ठरलेल्या गुणकाने काढली जाते. सर्वोच्च न्यायालयाने २००९ च्या सरला वर्मा खटल्यात हे गुणक निश्चित केले. पंचविशीपर्यंतच्या तरुणासाठी तो १८ आहे, तर पासष्टी ओलांडलेल्यासाठी ५. महिना दहा हजार कमावणाऱ्याची कमाईची क्षमता वीस टक्के घटली, तर तरुणाला या एका बाबीखाली ४ लाख ३२ हजार मिळतील आणि वृद्धाला १ लाख २० हजार. उपचाराचा खर्च व वेदनांची भरपाई याखेरीज असते. शेजारच्या तरुणाला अमुक लाख मिळाले, म्हणून अब्बांनाही तितकेच मिळतील, ही आशा मनात धरू नये.

दुसऱ्या पारड्यात जोखीम आहे. खटला वर्षानुवर्षे चालू शकतो. डॉक्टरांची साक्ष लागते आणि प्रत्येक तारखेला मुलाचा रोज बुडतो. रस्ता ओलांडताना वृद्धाचीही चूक होती असे ठरले, तर रक्कम त्या प्रमाणात घटते. निकालावर अपीलही होऊ शकते. त्यासाठी पूर्वी मुंबई गाठावी लागे. ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचे खंडपीठ कोल्हापुरात बसते, त्यामुळे वाट जवळ आली, पण काळ मात्र जातोच. जे प्रकरण मोटार अपघाताचे नसून साध्या दिवाणी दाव्याचे आहे, तेथे हरणाऱ्यावर समोरच्याचा खर्चही लादला जाऊ शकतो. आशेवर व्याजी कर्ज काढून खटला लढणे म्हणजे एका संकटातून सुटण्यासाठी अल्लाहने निषिद्ध केलेल्या दुसऱ्या संकटात पाय घालणे होय.

वकिलाची फी आधी स्पष्ट ठरवावी. निकालाच्या रकमेत हिस्सा ठरवणे वकील परिषदेच्या नियमांत बसत नाही आणि अनिश्चित मोबदल्याचा व्यवहार शरीअतलाही पसंत नाही. स्त्रिया, दिव्यांग, औद्योगिक कामगार आणि अल्प उत्पन्न गटातील व्यक्तींना विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. हा हक्क आहे, भीक नव्हे.

आणि येथे खरी कसोटी लागते. रक्कम वाढावी म्हणून खोटा साक्षीदार उभा करणे, वाहन बदलून दाखवणे, अपंगत्वाची टक्केवारी फुगवणे, हे सारे ‘सगळेच करतात’ म्हणून हलाल होत नाही. हजरत उम्मे सलमा (रजि.) यांनी कथन केलेल्या हदीसमध्ये प्रेषितांनी (स.) इशारा दिला आहे की, कोणी आपली बाजू अधिक प्रभावीपणे मांडील आणि ऐकलेल्यावरून मी त्याला दुसऱ्याचा हक्क देऊन बसेन, तो त्याने घेऊ नये, कारण तो आगीचा तुकडा आहे. प्रेषितांच्या (स.) निकालानेही जे हलाल होत नाही, ते न्यायाधिकरणाच्या निवाड्याने कसे होईल? निवाड्यात भरपाईवर व्याजही जोडले जाते. त्या भागाविषयी विश्वासू आलिमांना विचारावे.

म्हणूनच समेटाचे मोल मोठे. कअब बिन मालिक (रजि.) आणि त्यांचे ऋणको यांचा आवाज मस्जिदीत चढला, तेव्हा प्रेषितांनी (स.) कअबना निम्मे कर्ज सोडण्याची खूण केली आणि ऋणकोला उरलेले फेडण्यास सांगितले. ध्यानात घ्या, एकाने सोडले आणि दुसऱ्याने लगेच दिले. दोन्ही बाजूंनी पाऊल पडल्याशिवाय समेट होत नाही. आपल्याकडे लोकअदालत हाच मार्ग देते. तेथील निवाडा अंतिम असतो, त्यावर अपील नाही. म्हणूनच सही करण्यापूर्वी पुढील शस्त्रक्रियेचा, काठीचा, सेवेकऱ्याचा खर्च मोजावा. घाईत घेतलेली अपुरी रक्कम हा समेट नव्हे, ती लाचारी होय.

शेवटी, निर्णय कोणाचा? अब्बांचा. त्यांचे भान शाबूत आहे तोवर मुलांनी सल्ला द्यावा, सक्ती करू नये. सूरह इस्राने आई-वडिलांशी नम्रतेने वागण्याची जी आज्ञा दिली, ती कागदावर अंगठा घेतानाही लागू आहे. दावा चालू असताना त्यांचे निधन झाले, तर आजच्या कायद्याने तो हक्क वारसांकडे जातो. पण ज्याच्या वेदनेसाठी तो पैसा होता, त्याच्या हाती तो पडत नाही. एरवी वाजवी असलेल्या तडजोडीच्या बाजूने हे मोठे कारण आहे. वारसांकडे आलेली ती रक्कम सूरह निसाने ठरवलेल्या हिश्शांनी वाटावी. कर्ज आधी फेडावे, मग आईचा, मुलांचा आणि मुलींचाही वाटा द्यावा. भरपाईसाठी न्यायालयाची पायरी चढणाऱ्याने बहिणीचा हक्क बुडवला, तर तो कोणत्या तोंडाने न्याय मागणार?

अल्लाह तआला आपल्या वडीलधाऱ्यांना आरोग्य देवो, आपल्याला हक्क मागण्याचे धैर्य, तो न फुगवण्याची सचोटी आणि योग्य वेळी समेट करण्याची समज देवो. आमीन.