शरीर पोचले, घड्याळ मागे राहिले

मुलीच्या किंवा सुनेच्या बाळंतपणासाठी आईवडिलांनी परदेशी जाणे ही आता केवळ पुण्यामुंबईची गोष्ट राहिलेली नाही. परभणी-जिंतूरकडची, येलदरीसारख्या धरणाकाठच्या गावांतली माणसेही आता पासपोर्ट काढू लागली आहेत. पाच-सहा महिने राहायचे, नातवंडाला अंगाखांद्यावर खेळवायचे आणि मुदत संपली की परतायचे. परतल्यावर मात्र आठवडाभर ती माणसे आपल्यात असूनही नसतात. दुपारी दोन वाजता बोलता बोलता त्यांचे डोळे मिटतात आणि रात्री दोन वाजता स्वयंपाकघरात डबे वाजू लागतात. याला जेटलॅग म्हणतात. आपण हसून सोडून देतो. पण या साध्या त्रासात एक मोठा प्रश्न दडलेला आहे. एखाद्या ठिकाणाहून खऱ्या अर्थाने निघावे कसे आणि खऱ्या अर्थाने पोचावे कसे?

आधी शरीराचे म्हणणे ऐकू या. आपल्या मेंदूत एक चिमुकला भाग घड्याळाचे काम करतो. झोप, भूक, अंगाची ऊब या साऱ्यांच्या वेळा तो सांभाळतो. त्याचा दिवस चोवीस तासांहून किंचित मोठा असतो आणि रोज सकाळचा उजेड त्याला ताळ्यावर आणतो. पेशींमधले हे घड्याळ कसे चालते, याचा उलगडा फळमाशीवर संशोधन करून जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग या शास्त्रज्ञांनी केला. त्यासाठी त्यांना २०१७ साली नोबेल पारितोषिक मिळाले. हे घड्याळ हट्टी आहे. ते दिवसाला साधारण एक तासच सरकते. न्यू यॉर्क आणि आपल्यात हिवाळ्यात साडेदहा तासांचे अंतर असते. म्हणजे येलदरीत दुपारचे दोन वाजलेले असताना परतलेल्या माणसाच्या शरीरात पहाटेचे साडेतीन वाजलेले असतात. तो आळशी झालेला नसतो. तो अजून पोचलेलाच नसतो.

पूर्वी असे होत नसे. आनंदीबाई जोशी एप्रिल १८८३ मध्ये कलकत्त्याहून बोटीने निघाल्या, त्या जूनमध्ये न्यू यॉर्कला पोचल्या. दहा तासांचे अंतर जवळजवळ दोन महिन्यांत कापले गेले, म्हणजे दिवसाला दहा-बारा मिनिटे! पंडिता रमाबाई १८८३ साली इंग्लंडला आणि तिथून १८८६ साली अमेरिकेला गेल्या. त्या फेब्रुवारी १८८९ मध्ये मुंबईला परतल्या आणि पुढच्याच महिन्यात त्यांनी शारदा सदन सुरू केले. त्या काळी निघणे आणि पोचणे यांच्यामध्ये समुद्राचे कित्येक आठवडे असत. शरीराला वेळ मिळे, मनालाही मिळे. विमानाने ते आठवडे आपल्याकडून काढून घेतले आहेत. आता ते आपले आपणच बाजूला काढून ठेवायला हवेत.

यातला पहिला भाग निघण्यापूर्वीचा. परतीची तारीख जवळ आली की आपले मन आधीच घरी जाऊन बसते. बॅगा भरायच्या, पुन्हा पुन्हा वजनकाट्यावर ठेवायच्या, तेवीस किलोच्या वर गेले की काहीतरी काढायचे. मधल्या वेळात गावाकडे फोन. बोअरला पाणी आहे का? तूर काढली का? तिकडे लेक हे सारे पाहत असते. चार दिवसांनी तिला बाळ पाळणाघरात सोडून कामावर जायचे आहे, घरात दुसरे कोणी असणार नाही. आपले शरीर तिच्या घरात असते, पण तिची आई मात्र केव्हाच निघून गेलेली असते. हाही एक जेटलॅगच, फक्त उलटा.

कोणी विचारील, घराची ओढ लागणे हा काय दोष आहे? मन काय मुठीत धरून ठेवता येते? नाही, ओढ हा दोष नव्हे. पण ओढ आपल्या हाती नसली तरी देणे आपल्या हाती असते. शेजारच्या ज्या बाईने आपल्याला गाडीतून दवाखान्यात नेले तिच्या दारी जाऊन आभार मानणे, जावयाशी राहून गेलेले चार गोड शब्द बोलणे, उसनी आणलेली वस्तू परत करणे, बाळाच्या मालिशची पद्धत लेकीला एकदा नीट दाखवणे, ही सारी देणी आहेत. तात्पुरत्या मुक्कामाचीही देणी कायमचीच असतात. ती फेडल्याशिवाय जो निघतो तो घाईत पळालेला असतो. झोपेची वेळ दोन-चार दिवस आधीपासून थोडी सरकवली तर शरीराला मदत होते, ते जरूर करावे. मनाने मात्र शेवटच्या दिवसापर्यंत तिथेच राहावे.

दुसरा भाग पोचल्यानंतरचा. इथे आपले धरणच आपल्याला शिकवते. पूर्णा नदीवरच्या येलदरी धरणातून सोडलेले पाणी वीजघरातून बाहेर पडते, पण ते तसेच धावत शेतात जात नाही. ते खाली सिद्धेश्वरच्या धरणात थांबते आणि मग तिथून बेताबेताने कालव्यात सुटते. दूरून परतलेल्या माणसालाही असा एक सिद्धेश्वर हवा असतो. पहिला आठवडा त्याने सकाळच्या उन्हात चालावे, इथल्या वेळेला जेवावे, दुपारची झोप आवरती घ्यावी. जमिनीच्या वाटणीची किंवा सोयरिकीची बोलणी त्या आठवड्यात काढू नयेत. रात्री तीन वाजता टक्क जागे असताना सुचलेला निर्णय हा बहुधा थकव्याचा निर्णय असतो. भेटायला जाणाऱ्यांनीही एवढे समजून घ्यावे. माणूस पेंगला म्हणून त्याला परदेशाची हवा लागली, असे म्हणू नये.

परंतु समजूतदारपणा इथेच थांबला तर तो अपुरा. विमानात न बसताही आपल्या शिवारातल्या कित्येकांना जेटलॅग होतो, तो आपल्याला दिसतो का? शेतीपंपांची वीज आपल्याकडे वर्षानुवर्षे पाळीपाळीने येत आली आहे, एका आठवड्यात दिवसा तर दुसऱ्या आठवड्यात रात्री. रात्रीची पाळी आली की शेतकरी किंवा सालगडी बॅटरी घेऊन अंधारात गव्हा-हरभऱ्याला पाणी द्यायला जातो. साप-विंचवाची भीती असते, ती वेगळीच. अमेरिकेहून आलेल्याचे घड्याळ आठ-दहा दिवसांत जागेवर येते. याचे जागेवर येण्याच्या आत पाळी बदलते. दिवसा वीज मिळावी म्हणून मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ साली सुरू झाली, २०२३ पासून तिचा दुसरा टप्पा आला. जिथे ती पोचली तिथे माणसे रात्री झोपू लागली. जिथे अजून पोचलेली नाही तिथे रात्रभर दारे धरलेला गडी सकाळी आठ वाजता पुन्हा कामावर उभा असतो. तो पेंगला तर आपण त्याला काय म्हणतो? परदेशाहून आलेल्या पाहुण्याला आपण हळू बोलून झोपू देतो आणि याला मात्र कामचुकार म्हणतो. शरीर तर दोघांचेही एकाच मातीचे!

म्हणून आपल्यापैकी जे जाऊन आले आहेत, त्यांच्यावर एक जास्तीची जबाबदारी येते. नको त्या वेळी जागे राहणे आणि नको त्या वेळी कोसळणे म्हणजे काय, हे त्यांनी अंगावर सोसले आहे. त्या सोसण्यातून दुसऱ्याच्या थकव्याकडे पाहण्याची नजर आली, तर तो त्रास वाया गेला नाही. रात्रपाळीवरून आलेल्या गड्याला सकाळी चहा देऊन म्हणावे, "दादा, जरा पडा. काम दुपारून करू." त्याची अर्ध्या दिवसाची मजुरी मात्र कापू नये.