कायद्याच्या ग्रंथालयात बाहेरची माणसे

पुणे जिल्ह्यातल्या वेल्हे तालुक्यात (आता राजगड तालुका म्हणायचे) जमिनीचा व्यवहार निघाला की जाणती माणसे आधी सातबाऱ्याचा ‘इतर हक्क’ रकाना पाहतात. तिथे ‘कुळकायदा कलम ४३ च्या बंधनास पात्र’ असा शेरा असेल, तर बोलणी तिथेच थबकतात. कुळाला मिळालेली जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या पूर्वपरवानगीशिवाय विकता येत नाही, एवढे तालुक्यातल्या विंझर गावच्या पारावरही ठाऊक असते. पण २०१४ साली या कलमात दुरुस्ती झाली. कुळाच्या खरेदीला दहा वर्षे उलटली असतील तर आकारणीच्या चाळीस पट नजराणा भरून, काही अटी पाळून, परवानगीविना विक्री करता येते. दुरुस्तीआधीचे पुस्तक हाती पडलेल्या माणसाला एक उत्तर मिळते, नंतरचे पडलेल्याला दुसरे. त्यातून त्या जुन्या पुस्तकाच्या पुठ्ठ्यावर कायद्याच्या नावात ‘मुंबई’ छापलेले असेल आणि नव्या आवृत्तीवर ‘महाराष्ट्र’, तर हे दोन वेगळे कायदे आहेत अशीही समजूत होते. कोणते पुस्तक, कोणत्या तारखेपर्यंत सुधारलेले, हे पाहून हातात देणारा माणूस म्हणजे विधी ग्रंथपाल.

हे काम कोणी करावे? अमेरिकेतल्या विधी महाविद्यालयांत कायदा आणि ग्रंथालयशास्त्र अशा दोन्ही पदव्या असलेले ग्रंथपाल मोठ्या संख्येने दिसतात. आपल्याकडे वाट वेगळी आहे. ग्रंथालयशास्त्राची पदव्युत्तर पदवी आणि नेट किंवा सेट एवढे झाले की महाविद्यालयाच्या ग्रंथपालपदाला पात्रता येते. मग ते महाविद्यालय विज्ञानाचे असो की विधीचे. त्यामुळे आपले बहुतेक विधी ग्रंथपाल कायद्याच्या दृष्टीने बाहेरचेच असतात. कोणी मराठी घेऊन बी.ए. झालेला, कोणी रसायनशास्त्रातून आलेली. हे सगळे नाइलाजाने आले, अशी चर्चा या क्षेत्रात दबक्या आवाजात चालते. मला वाटते, ही चर्चाच उलटी आहे. बाहेरून येणे हा या व्यवसायाचा दोष नाही. आलेल्याला शिकवायचे कोणी, हे आपण कधी ठरवलेच नाही, हा दोष आहे.

भारतीय ग्रंथालयशास्त्राचा पाया घालणारेही बाहेरचेच होते. एस. आर. रंगनाथन हे मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात गणित शिकवत. १९२४ साली ते विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले, मग लंडनला जाऊन रीतसर शिकले, आणि गणिती शिस्तीतून त्यांचे द्विबिंदू वर्गीकरण उभे राहिले. त्याच्याही आधी बडोद्यात सयाजीराव महाराजांनी विल्यम बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून ग्रंथालयांचे जाळे विणायला घेतले. ते काम पुढे सांभाळून १९१९ मध्ये त्यावर इंग्रजी पुस्तक लिहिणारे जनार्दन सखाराम कुडाळकर हे एम.ए., एलएल.बी. होते. एक गणितातून आला, दुसरा कायद्यातून. दोघांच्याही बाबतीत जुनी विद्या नव्या कामाला उपयोगी पडली, आणि रंगनाथन यांच्या बाबतीत तर मध्ये रीतसर शिकण्याचा टप्पाही होता.

कायद्याच्या ग्रंथालयात तर बाहेरची विद्या अधिकच उपयोगी पडते, कारण तिथे येणारे प्रश्न कायद्याच्या भाषेत येत नाहीत. समजा, विंझर परिसरातल्या एका कुटुंबाची जुनी इनाम जमीन आहे आणि त्यांच्या वकिलाला तिचे मूळ शोधायचे आहे. पुणे जिल्हा म्हणजे ब्रिटिश मुलूख असे गृहीत धरून मुंबई प्रांताचे कायदे उपसायला लागलो तर फसगत होईल. या भागातला बराच मुलूख १९४८ पर्यंत पंतसचिवांच्या भोर संस्थानात होता. राजगड आणि प्रचंडगड ही त्या संस्थानच्या तालुक्यांची नावे होती. म्हणजे आजचे तालुक्याचे नाव नवे वाटले तरी जुन्या दप्तरात ते पूर्वीपासून आहे. संस्थान विलीन झाल्यावर प्रांताचे कायदे तिथे लागू करण्याचे आदेश निघाले. संस्थानी इनामांसाठी विलीन प्रदेशांचे वेगळे कायदे झाले, त्यांतला एक १९५५ चा. तेव्हा आधी विचारायचे ते हे, की ही जमीन त्या साली कोणाच्या राज्यात होती? हा प्रश्न एलएल.बी.च्या अभ्यासक्रमातून सहसा सुचत नाही. तो सुचतो इतिहास शिकलेल्याला, किंवा ज्याच्या आजोबांनी ‘संस्थानच्या वेळी’ असे म्हणत गोष्टी सांगितल्या त्याला.

या शोधात पुढचा कागद मोडी लिपीत असतो. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, तेव्हा मोडी वाचणाऱ्यांची जिल्ह्याजिल्ह्यांत शोधाशोध झाली. छंद म्हणून मोडी शिकलेली माणसे एकदम सरकारी कामाची ठरली. कायद्याचा पुरावा लिपीच्या पलीकडे अडून बसतो, हे त्या काही महिन्यांत सगळ्यांनी पाहिले. मोडी येणारी एखादी मुलगी विधी ग्रंथालयात अर्ज करायला आली, तर तिच्या पात्रतेच्या रकान्यात हे ज्ञान लिहायला आजही जागा नाही.

बाहेरच्यांना घेण्याला उघड आक्षेप आहे, आणि तो हलका नाही. कायद्यात अर्धवट ज्ञान अंगाशी येते. १ जुलै २०२४ पासून जुन्या भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली. खुनाचे कलम ३०२ होते, ते १०३ झाले. नव्या संहितेचे ३०२ उघडले तर तिथे धार्मिक भावना दुखावणाऱ्या उद्गारांचा गुन्हा सापडतो. शिवाय त्या तारखेआधी घडलेल्या गुन्ह्यांना जुनी दंड संहिताच लागू आहे. ‘नवा कायदा आला’ म्हणून जुनी पुस्तके रद्दीच्या गठ्ठ्यात बांधणारा उत्साही नवखा खटल्याचे नुकसान करू शकतो. तेव्हा कायद्याचा पदवीधरच हवा, असे म्हणणाऱ्यांचे चूक नाही असे वाटू लागते.

पण या उदाहरणात नवख्याला नेमके काय ठाऊक नव्हते? खुनाच्या गुन्ह्याचे घटक त्याला माहीत असण्याची गरज नाही, ते वकील पाहतील. त्याला ठाऊक हवे होते ते एवढेच, की कायदा कोणत्या दिवशी अमलात आला, मागच्या घटनांचे काय, दुरुस्ती कुठे छापली जाते, आणि न्यायनिर्णय नंतरच्या निकालाने फिरवला गेला आहे का ते कसे तपासायचे. ही कायद्याच्या साधनांची विद्या आहे. ती शिकायला पाच वर्षे लागत नाहीत. जाणत्या ग्रंथपालाच्या हाताखाली काही महिने, नागपूरहून निघणारे ‘ऑल इंडिया रिपोर्टर’, १८७६ पासूनची मुंबई मालिकेची ‘इंडियन लॉ रिपोर्ट्‌स’ आणि राजपत्रे हाताळत ती अंगवळणी पडते. त्यातला पहिला धडा मात्र कडक असला पाहिजे. ग्रंथपाल साधन दाखवतो, सल्ला देत नाही. ‘माझी केस जिंकेल का?’ या प्रश्नाला त्याचे उत्तर नसते. कायद्याची पदवी असलेल्यालाही हा संयम शिकावाच लागतो, कदाचित अधिकच.

दुसरा आक्षेप नव्या काळाचा आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या अधिकृत मालिकेतले निकाल २०२३ पासून संकेतस्थळावर फुकट शोधता येतात, त्यांची मराठी भाषांतरेही होत आहेत. मग मधला माणूस हवाच कशाला? पण त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये दोन वकिलांनी कृत्रिम बुद्धिमत्तेने रचलेले, कधीच न झालेले निकाल न्यायालयापुढे ठेवले आणि पाच हजार डॉलर दंड भरला. निकाल खरोखर आहे का, एवढे कोणी मूळ खंड उघडून पाहिले असते तर हे टळले असते. माहिती मुबलक झाली की पडताळणाऱ्याची किंमत वाढते. आणि पडताळण्याची सवय प्रयोगशाळेतून आलेल्याला असते, हिशेबनिसाला असते, जुनी बखर ताडून पाहणाऱ्यालाही असते.

मग करायचे काय? विंझरच्या अमृतेश्वर महाविद्यालयातून कला शाखेची पदवी घेतलेल्या मुलीला आज ग्रंथालयशास्त्र शिकण्याचा मार्ग आहे. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाची पदवी गावी राहून घेता येते. पुण्यात १९२४ पासूनचे आयएलएस विधी महाविद्यालय आहे, पेशवे दफ्तर सांभाळणारे पुराभिलेखागार आहे. दोन टोके आहेत, मधला दुवा नाही. ग्रंथालयशास्त्राच्या अभ्यासक्रमात कायद्याच्या साधनांची एक सक्तीची नसली तरी स्वतंत्र अभ्यासपत्रिका हवी. विधी महाविद्यालये आणि वकील संघांच्या ग्रंथालयांनी वेतनासह उमेदवारीच्या जागा ठेवाव्यात. विधी सेवा प्राधिकरणाचे स्वयंसेवक म्हणून गावात काम केलेल्यांना त्यात प्राधान्य मिळावे, कारण लोक प्रश्न कसा विचारतात ते त्यांनी ऐकलेले असते. आणि कायद्याच्या पदवीधराला यायचे असेल तर नोकरीत राहून ग्रंथालयशास्त्र पुरे करण्याची मुभा द्यावी.

यासाठी फार पैसा लागत नाही. मात्र सध्याची एक पद्धत सोडावी लागेल. बाहेरच्याला घ्यायचे, कंत्राटावर ठेवायचे, पुस्तके देण्या-घेण्याच्या टेबलाशी बसवायचे आणि मग ‘यांना कायदा कळत नाही’ म्हणायचे, ही ती पद्धत. ती चालू राहिली तर वेगवेगळ्या वाटांनी आलेली माणसे वेगवेगळ्या वाटांनी निघूनही जातील. विंझरच्या शेतकऱ्याचा वकील मग जे पुस्तक हाताला लागेल तेच उघडील, आणि ते २०१४ च्या आधीचे निघाले तर त्याची किंमत तो शेतकरी मोजील.