ठाऊक असलेल्या गोष्टीची वाट

दिवाळीपूर्वी माळा झाडण्याचे काम आमच्या घरी माझ्याकडे असते. हे काम मी मोठ्या आवडीने करतो, कारण ते कधीच पुरे होत नाही. जुन्या कागदांचे गठ्ठे खाली उतरवावेत, त्यांवरची धूळ झटकावी आणि ‘टाकण्यापूर्वी एकदा पाहून घेऊ’ असे म्हणत शिडीच्या तिसऱ्या पायरीवरच बसकण मारावी! खालून सौभाग्यवतींचा आवाज येतो, “अहो, माळा झाडताय की वाचताय?” या प्रश्नाला मी आजवर उत्तर दिलेले नाही.

यंदा हाती आला तो सुतळीने बांधलेला चित्रांचा गठ्ठा. २००८ सालच्या माझ्या सातवीच्या वर्गाने काढलेली ती चित्रे. त्या वर्षी पाऊस असा लागला होता की खेळाचा तास वर्गातच घ्यावा लागे. मुलांना गप्प बसवण्यासाठी म्हणून मी हॅरी पॉटरच्या पहिल्या पुस्तकाचा मराठी अनुवाद मोठ्याने वाचायला घेतला. हॉगवर्ट्स या जादूच्या शाळेचे वर्णन आले, तेव्हा म्हटले, “उद्या प्रत्येकाने ही शाळा काढून आणायची.”

आली ती सगळी चित्रे निरनिराळी होती! एकाने डोंगरी किल्ला काढला होता आणि बुरुजावर भगवा लावायला तो विसरला नव्हता. एकाची शाळा आमच्याच शाळेसारखी होती. फक्त पत्र्याऐवजी तिला कळस होते. पण एका मुलीचे चित्र पाहून मी थबकलो. तिने चौसोपी वाडा काढला होता. पुस्तकातल्या शाळेत एकशे बेचाळीस जिने आहेत. बिचारीने मोजून मोजून जितके बसतील तितके कोंबले होते. अंगणात देवळासमोर असते तशी दीपमाळ होती आणि तिच्या प्रत्येक हातावर मेणबत्ती पेटलेली होती. त्या शाळेच्या भोजनगृहाच्या छतात बाहेरचे आकाश दिसते असे पुस्तकात म्हटले आहे. या मुलीने तो प्रश्न फार सोपा करून टाकला होता. तिने छतच काढून टाकले होते!

पुस्तक संपले. मग कोणीतरी बातमी आणली की याचा चित्रपट आहे, आणि तो हिंदीतही मिळतो. झाले! रोज सकाळी प्रार्थना संपली की एकच प्रश्न, “सर, कधी दाखवणार?” तबकडी मिळवायला आणि शाळेचा दूरदर्शन संच दुरुस्त व्हायला महिना गेला. त्या महिन्यात मुलांनी माझे जिणे नकोसे केले. मी त्यांना म्हणालो, “अरे, गोष्ट तर तुम्हांला सगळी ठाऊक आहे. परीस कोणाला मिळतो ते माहीत आहे. मग एवढी घाई कसली?” मुले नुसती हसली. त्यांच्याकडे उत्तर नव्हते. खरे सांगायचे तर माझ्याकडेही नव्हते.

हा प्रश्न केवळ माझ्या सातवीच्या वर्गाचा नव्हता. त्याच सुमाराला सातासमुद्रापलीकडे मोठी माणसेही नेमकी याच आजाराने पछाडलेली होती. या मालिकेचे पहिले पुस्तक १९९७ साली इंग्लंडात निघाले आणि सातवे, म्हणजे शेवटचे, जुलै २००७ मध्ये. पहिला चित्रपट नोव्हेंबर २००१ मध्ये आला, आठवा जुलै २०११ मध्ये. म्हणजे २००७ नंतर वाट पाहणाऱ्या प्रत्येक वाचकाला शेवट पाठ होता. कोण जगते, कोण मरते, कोणाच्या मनात काय होते, सारे उघड झाले होते. सहावा चित्रपट नोव्हेंबर २००८ मध्ये यायचा होता. ऑगस्टमध्ये कंपनीने जाहीर केले की तो पुढल्या जुलैत येईल. चित्रपटात काही खोट राहिली होती म्हणून नव्हे. अमेरिकेत पटकथालेखकांचा संप झाल्यामुळे पुढच्या उन्हाळ्यासाठी मोठे चित्रपट कमी पडत होते, म्हणून. बस्स! चाहत्यांनी निषेधाच्या अर्जांवर सह्या गोळा केल्या, संतापाची पत्रे लिहिली. शेवटी कंपनीच्या प्रमुखाला त्यांच्यासाठी जाहीर खुलासा करावा लागला.

आता गंमत पाहा. या सहाव्या गोष्टीच्या अखेरीस होते काय? तर ज्याच्या आधारावर सारी कथा उभी आहे, तो पांढऱ्या दाढीचा वृद्ध गुरू डंबलडोर मरतो. म्हणजे ही माणसे चिडली होती ती एक ठाऊक असलेले दुःख आठ महिने लांबणीवर पडले म्हणून! व्यवहारी माणूस याला वेडेपणा म्हणेल. मला तसे म्हणवत नाही.

कारण ठाऊक असलेल्या गोष्टीची वाट पाहणे आपल्याला नवे नाही. कीर्तनकारबुवा उत्तररंगात सीतास्वयंवर लावतात, तेव्हा शिवधनुष्य कोण मोडणार हे समोरच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. तरीही बुवांनी पखवाजावर थाप पडू दिली आणि क्षणभर ते थांबले, की साठ वर्षांची आजी श्वास रोखून धरते. ती काय ऐकायला आलेली असते? नवी बातमी नव्हे. बातमी ऐकायची ती एकदाच. पण भेट पुन्हा पुन्हा घ्यायची असते. सासरी गेलेली मुलगी दिवाळीला येणार हे ठाऊक असते, कोणत्या गाडीने येणार हेही ठाऊक असते; म्हणून काय आई दारात उभी राहत नाही?

परंतु कीर्तनात आणि पुस्तकात एक फरक आहे. कीर्तन चारचौघांत ऐकायचे असते, पुस्तक एकट्याने वाचायचे. पुस्तक वाचून रात्री उशीत तोंड खुपसून जो रडला, त्याच्या रडण्याला साक्षीदार नसतो. दुसऱ्या दिवशी तो चारचौघांत वावरतो, तेव्हा त्याला थोडी लाजही वाटते. जी माणसे कधी जगलीच नाहीत, त्यांच्यासाठी आपण रडलो! अशा माणसाला कोणी सांगितले की तीच गोष्ट आता पडद्यावर दिसणार आहे, की त्याचा जीव का धावतो हे मला आता कळते. त्याला शेवट जाणून घ्यायचा नसतो. त्याला काळोखात तीनशे माणसांबरोबर बसायचे असते. ज्या क्षणी तो एकटा रडला होता, त्या क्षणी शेजारच्या अनोळखी माणसानेही खिशातून रुमाल काढलेला त्याला पाहायचा असतो. ‘मी एकटाच वेडा नव्हतो’, एवढीच ग्वाही त्याला हवी असते. माणसाच्या प्रेमाला ही ग्वाही हवीशी वाटणे यात मला काही हलके दिसत नाही.

पण ही ग्वाही फुकट मिळत नाही. तिची किंमत म्हणून आपल्या मनातले चित्र द्यावे लागते.

प्रभातचा ‘संत तुकाराम’ १९३६ साली आला. विष्णुपंत पागनिसांनी त्यात तुकोबांचे काम केले. तुकोबांना प्रत्यक्ष पाहिलेले कोणी उरले नव्हते. प्रत्येकाने आपापल्या अभंगातून आपापला तुकोबा घडवला असेल. पण चित्रपट आला आणि घरोघरच्या तसबिरींत जो चेहरा जाऊन बसला, तो पागनिसांचा. आज डोळे मिटून तुकोबांना आठवू लागलो, तर मलाही तेच दिसतात. याबद्दल पागनिसांना दोष देता येईल का? त्यांनी तर तो चेहरा भक्तीने उजळून टाकला. तरीही एक प्रश्न मागे उरतोच, की माझ्या पणजीच्या मनातले तुकोबा कसे होते? ते आता कोणालाच कळणार नाही.

लेखकांनाही ही किंमत कधीकधी जड जाते. मिखाएल एंडे या जर्मन लेखकाच्या ‘न संपणारी गोष्ट’ या कादंबरीवर १९८४ साली चित्रपट निघाला. त्यात कादंबरीचा जेमतेम पूर्वार्ध होता. एंडे इतका दुखावला की त्याने श्रेयनामावलीच्या आरंभीचे आपले नाव काढायला लावले आणि तो न्यायालयात गेला. खटला तो हरला. कायद्याच्या दृष्टीने त्याने हक्क विकले होते. पण हक्क विकला म्हणून माया विकली जाते का?

तेव्हा खरा नैतिक प्रश्न उभा राहतो तो असा: चित्रपटाची वाट पाहणाऱ्या चाहत्याने आपल्या मनातल्या चित्राशी किती निष्ठा ठेवावी? ‘माझ्या मनात होते तसे नाही’ ही तक्रार प्रेमाची म्हणावी की मालकीची?

मला या प्रश्नाचे उत्तर हॅरी पॉटरच्या डोळ्यांत सापडले. पुस्तकात त्याचे डोळे हिरवे आहेत. जो तो त्याला म्हणतो की हे तुझ्या आईचे डोळे आहेत. ज्या मुलाने पडद्यावर त्याचे काम केले, त्याचे डोळे निळे. डोळ्यांत रंगीत भिंगे घालून पाहिली, ती त्याला सोसेनात. तेव्हा निर्मात्याने लेखिकेला विचारले की डोळे हिरवे असणे कितपत आवश्यक आहे. लेखिकेने सांगितले की महत्त्व एवढ्यालाच आहे, ते आईच्या डोळ्यांसारखे असावेत. तरी चाहते दहा वर्षे कुरकुरत राहिले, ‘हिरवे हवे होते, निळे का?’ ही तक्रार मला मालकीची वाटते. बाळाचे नाव आपण सुचवलेलेच ठेवले नाही म्हणून बारशाहून उठून जाण्यासारखी!

पण शेवटच्या चित्रपटात गंमत झाली. ज्या स्नेप नावाच्या शिक्षकाला सारे दुष्ट समजत होते, तो मरताना हॅरीच्या डोळ्यांत पाहतो, कारण ते त्या मुलाच्या आईचे डोळे आहेत आणि तिच्यावर त्याने जन्मभर मुकाट प्रेम केलेले आहे. साऱ्या कथेचा धागा तिथे येऊन मिळतो. आणि लगेच पुढे त्या आईचे बालपण दाखवताना जी मुलगी आणली, तिचे डोळे चक्क तपकिरी! आता जे चाहते हळहळले, त्यांची तक्रार मात्र मला प्रेमाची वाटते. हिरव्याचे निळे झाले तेव्हा फक्त रंग बदलला होता. आई आणि मुलगा यांच्या डोळ्यांतले साम्य गेले, तेव्हा नाते तुटले.

रंग बदलला तर सोडून द्यावे. नाते तुटले तर बोलावे. गोष्टीवर प्रेम करणाऱ्याला यापेक्षा जास्त नियम लागू नये असे मला वाटते. खरे म्हणजे माणसांवर प्रेम करणाऱ्यालाही लागू नये. मुलगा आपल्या मनासारखा वकील झाला नाही, सून आपल्या पद्धतीने पुरण वाटत नाही, हे सारे रंग आहेत. त्यांच्यासाठी आपण किती भांडतो! आणि नाते तुटू लागते, तेव्हा मात्र मानापमानापायी गप्प बसतो.

काळ तर मोठा मिस्कील आहे. २०२३ साली याच कथेवर नवी मालिका काढायचे जाहीर झाले. २०२५ मध्ये नवी मुले घेऊन चित्रीकरणही सुरू झाले. आणि आता जुने चाहते म्हणू लागले आहेत की आमच्या मनातले चेहरे हे नव्हेत! मनातले चेहरे म्हणजे कोणते? तर पहिल्या चित्रपटांतले. वीस वर्षांपूर्वी ज्या चेहऱ्यांनी त्यांच्या मनातली चित्रे पुसली, तेच आज मनातले चित्र होऊन बसले आहेत. ज्याला आपण निष्ठा म्हणतो, तिच्यातला निम्मा भाग निव्वळ सवयीचा असतो की काय, असा मला संशय येतो.

हे सारे शिडीवर बसून मी विचार करीत होतो, तोवर गठ्ठ्याचा खालचा थर हाताशी आला. चित्रपट दाखवल्यावर मुलांकडून मी पुन्हा तीच शाळा काढून घेतली होती. तीसही चित्रांत तेच सुळकेदार मनोरे, तेच तळे, त्याच होड्या. त्या मुलीच्या कागदावरही वाडा नव्हता. दीपमाळ नव्हती. छत परत आले होते.

आणि मला ती आठवली. मी संचाच्या वायरी गुंडाळत होतो. ती जवळ येऊन हळूच म्हणाली, “सर, माझं आधीचं चुकलं होतं का?” मी घाईत होतो. म्हणालो, “हो गं. आता कळलं ना, खरं कसं असतं ते?” ती “हो सर” म्हणाली आणि गेली. मुलांनी काढलेल्या शुद्धलेखनाच्या चुका मी हजारांनी दुरुस्त केल्या असतील. पण माझी ही चूक दुरुस्त करायला मला पंधरा-सतरा वर्षे लागली.

कारण पुढे माझ्या वाचनात आले की ती ‘खरी’ शाळा तरी कुठे एका जागी होती? बाहेरून दिसणाऱ्या वाड्याचा काही भाग म्हणजे उत्तर इंग्लंडातला अल्निकचा किल्ला. आतल्या वाटा ग्लॉस्टरच्या जुन्या कॅथीड्रलच्या ओवऱ्या. एक दगडी जिना ऑक्सफर्डच्या एका महाविद्यालयातला. आणि उरलेले बरेचसे लंडनजवळच्या एका कलागृहात लाकूड आणि प्लॅस्टर यांनी उभे केलेले. म्हणजे त्या कारागिरांनी केले काय? आपल्या गावाच्या आसपास जे जुने, सुंदर आणि थोडेसे गूढ होते, ते तुकड्या-तुकड्यांनी गोळा करून स्वप्नातली शाळा बांधली. माझ्या वर्गातल्या त्या मुलीनेही अगदी तेच केले होते. त्यांच्याजवळ कॅथीड्रल होते, तिच्याजवळ दीपमाळ होती.

ती आता कुठे आहे हे मला ठाऊक आहे. तालुक्याच्याच गावी तिला दिले आहे. एक लहान मुलगा आहे. यंदा दिवाळीच्या फराळाच्या डब्याबरोबर तिचे ते पहिले चित्र मी धाडणार आहे. मागे लिहिले आहे, “तुझे चुकले नव्हते. माझे चुकले होते.” मुलाला गोष्ट सांगताना चित्रपट आधी दाखवावा की नंतर, हे तिचे ती ठरवील. पण त्याने पहिल्यांदा शाळा काढली आणि तिला छत नसले, तर ती ते घालायला सांगणार नाही, एवढी मला आशा आहे.

माळा मात्र अजून झाडायचा राहिलाच आहे.