विद्यार्थी आणि नित्यदान

दान हा संपन्न माणसाचा धर्म आहे, विद्यार्थ्याचा नव्हे, अशी समजूत आपल्या घराघरांतून रूढ आहे. मुलाने आधी शिकावे, मिळवते व्हावे, आणि मग यथाशक्ति दानधर्म करावा, असे वडीलधारी मंडळी सांगतात; मुलांनाही ते सोयीचे वाटते. या समजुतीचा थोडा विचार करावा, असे आम्हांस वाटते.

पहिला आक्षेप असा की, विद्यार्थ्याजवळचा पैसा बापाचा. दुसऱ्याच्या पैशावर उदार होण्यात पुण्य कसले? हा आक्षेप खरा आहे, पण अर्धाच. खर्चासाठी दिलेला पैसा बापाचा खरा. परंतु त्यातून मुलाने जो दुसरा चहा टाळला, तो संयम त्याचा स्वतःचा होय. रक्कम क्षुल्लक म्हणून हसण्याचेही कारण नाही. शंभर मुलांनी रोज एकेक रुपया बाजूस ठेविला, तर महिन्याचे तीन हजार होतात. एखाद्या गरजू सोबत्याच्या खाणावळीचा भार त्याने पुष्कळच हलका होईल. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एकेक पैसा मागून पैसाफंड उभारला, आणि त्यातूनच १९०८ साली तळेगावास काचेचा कारखाना निघाला, हे महाराष्ट्राने पाहिलेले आहे.

दुसरा आक्षेप अधिक सूक्ष्म आहे. नेमाने दिलेले दान यांत्रिक होते. हृदयास पाझर फुटून जे दिले जाते तेच खरे, असे कित्येक म्हणतात. पण येथे केवळ देणाऱ्याकडे पाहिले जाते, घेणाऱ्याकडे नाही. ज्याचे दान दयेच्या उमाळ्यावर अवलंबून, त्याच्यापुढे गरजवंतास आपले दुःख दर वेळी नव्याने मांडावे लागते. पाझर फुटेल इतके ते दारुण करून दाखवावे लागते. पूर्वी पुण्यासारख्या गावी गरीब विद्यार्थी वार लावून जेवत. सोमवारी या घरी, मंगळवारी त्या घरी, असे ठरलेले असे. त्या पद्धतीत मिंधेपण होते, आणि जातीचा उंबरठा तर सहसा ओलांडला जात नसे. तरीही तिच्यात एक मर्म होते. वार एकदा ठरला म्हणजे मुलास आठवड्यामागून आठवडे तीच याचना करावी लागत नसे; त्याचे पान मांडलेले असे. नेम हा देणाऱ्याच्या सोयीपेक्षा घेणाऱ्याच्या अब्रूसाठी अधिक हवा. पुढे भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यास सर्व जातींच्या मुलांसाठी वसतिगृह काढले, तेव्हा तो उंबरठाही मागे पडला. दाराशी येणाऱ्या मुलास वाढणे आणि सर्वांची पंगत एक करणे, यांतले अंतर मोठे आहे.

मात्र नेम म्हणजे विस्मरण नव्हे. आज एकदा फोनवर सूचना दिली की दरमहा रक्कम परस्पर वळती होते, आणि वर्षभर देणाऱ्यास तिची आठवणही राहत नाही. सद्गुण हा वारंवार केलेल्या कृतीने अंगी येतो, असे ॲरिस्टॉटलने प्रतिपादिले. पण ती कृती आपण स्वतः केलेली हवी. देश, काळ आणि पात्र पाहून द्यावे, ही गीतेची शिकवणही डोळे उघडे ठेवून देण्याचीच आहे. म्हणून रक्कम आपोआप गेली तरी तिचा विनियोग काय झाला, हे महिन्यातून एकदा तरी पाहावे.

महाविद्यालयातील मुलामुलींनी हे काम हाती घेतल्यास त्याला समारंभाची जरुरी नाही. पेटी एक असावी, हिशेब चोख असावा, आणि पैसा कोणत्या कामी लागला हे सर्वांस कळले तरी तो कोणास मिळाला हे दोघातिघांपलीकडे जाऊ नये. मिळवते झाल्यावर देऊ, असे म्हणणाऱ्याच्या गरजा पगाराबरोबरच वाढत जातात, हा सर्वांचा अनुभव आहे. शेजारच्या बाकावरील सोबत्याची फी मात्र याच सत्रात भरावयाची असते.