चिठ्ठीवरचे एक नाव



२ नोव्हेंबरच्या मिस्सेसाठी आपण दरवर्षी घरातल्या मृतांची नावे चिठ्ठीवर लिहून देतो. आजी-आजोबा, आईवडील, एखादे अकाली गेलेले मूल. यंदा त्या चिठ्ठीत आणखी एका नावाला जागा द्यावी, अशी माझी विनंती आहे. ते नाव आपल्या घरातले नाही आणि आपल्या धर्मातलेही नाही.

श्रीकृष्ण वेलिणकर हे मुंबईचे तरुण. केंब्रिजला शिकले आणि पहिल्या महायुद्धात वैमानिक झाले. हिंदी माणसाच्या हाती लढाऊ विमान द्यायला सरकार त्या काळी फारसे राजी नव्हते. असे हिंदी वैमानिक बोटांवर मोजण्याइतकेच होते. १ एप्रिल १९१८ रोजी ब्रिटिश लष्कराचे आणि नौदलाचे विमानदल एकत्र करून रॉयल एअर फोर्स स्थापन झाले. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत वेलिणकर फ्रान्सच्या आघाडीवर गस्तीला गेले ते परत आले नाहीत. जखमी अवस्थेत शत्रूच्या हाती सापडले आणि ३० जून रोजी वारले. जर्मनांनी त्यांना पुरले खरे, पण मराठी आडनाव त्यांना कसे उमगणार? कबरीवर भलतेच नाव लागले. युद्ध संपल्यावर शोधाशोध झाली, तेव्हा कुठे ती कबर त्यांची असल्याचे ठरले. आज फ्रान्समधील हाँगार्डच्या दफनभूमीत ते स्वतःच्या नावाने विसावले आहेत.

मेलेल्याला नावाचे काय, असे कुणी विचारील. गाब्रिएल मार्सेल हे फ्रेंच तत्त्वज्ञ याच युद्धात रेडक्रॉसच्या कामावर होते. बेपत्ता सैनिकांची चौकशी करायची आणि घरच्यांना कळवायचे, हे त्यांचे काम. समोर कार्डांचे गठ्ठे असत. पण दारात एखादी आई येऊन उभी राहिली की त्या कार्डाचा माणूस होई. माणूस म्हणजे नोंद नव्हे, हा त्यांचा पुढचा सगळा विचार त्या टेबलाशी सुरू झाला. (१९२९ मध्ये ते कॅथलिक झाले. सेमिनरीत आम्ही त्यांना परीक्षेपुरते वाचले. ते कळायला धर्मग्रामात यावे लागले.)

वेलिणकर अधिकारी होते, म्हणून त्यांच्यासाठी शोध तरी झाला. आपल्याकडच्या साध्या शिपायांचे काय झाले? साताऱ्याजवळच्या अपशिंगे मिलिटरी या एका गावाचे ४६ जवान त्या युद्धात पडले. तासगाव, वाळवा, खानापूर हे तालुकेही तेव्हा सातारा जिल्ह्यातच होते. मराठा पलटणी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये लढल्या आणि १९१६ मध्ये कुतच्या वेढ्यात उपाशी राहिल्या. तिथल्या मृतांसाठी बसरा येथे मोठे स्मारक उभारले गेले. त्यावर गोऱ्या शिपायांची नावे आहेत, हिंदी अधिकाऱ्यांची आहेत. हिंदी शिपायांचा मात्र पलटणीखाली नुसता आकडा आहे. जगभर असा जो भेदभाव झाला, त्याबद्दल कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनने २०२१ मध्ये माफी मागितली. शंभर वर्षांनी!

साम्राज्याच्या त्या युद्धाला मी पवित्र म्हणणार नाही. पोप पंधरावे बेनेडिक्ट यांनी १९१७ मध्येच त्याला निरर्थक कत्तल ठरवले होते. मग त्यात पडलेल्यांसाठी मिस्सा कशाला? मक्काबीच्या दुसऱ्या ग्रंथाचा १२वा अध्याय घरी उघडून पाहा. यहूदाचे सैनिक लढाईत पडले. त्यांना पुरायला गेले, तर प्रत्येकाच्या अंगरख्याखाली मूर्तिपूजेचे ताईत सापडले. म्हणजे ते पापात मेले होते. यहूदाने त्यांना टाकून दिले नाही. सुमारे दोन हजार चांदीची नाणी गोळा करून त्याने त्यांच्या पापांसाठी यरुशलेमला बली अर्पण करायला पाठवली. ते कशासाठी लढले याचा हिशोब त्याने देवावर सोडला. मृतांसाठी आपण मिस्सा करतो, त्याला आधार या अध्यायाचा आहे. आणि वेदीवरच्या प्रार्थनेत चर्च फक्त ख्रिस्ती मृतांपाशी थांबत नाही. ज्यांची श्रद्धा एका देवालाच ठाऊक, त्यांनाही ती त्याच्या हाती सोपवते.

तेव्हा वेलिणकरांचे नाव मी स्वतः लिहिणार आहे. तुमच्यापैकी अनेकांच्या गावी त्या युद्धाची शिळा असेल. अशा शिळांवर बहुधा किती गेले आणि किती पडले, एवढेच कोरलेले असते. गावातल्या जुन्या माणसांना विचारा. कुणाच्या पणजोबांचे, चुलत पणजोबांचे नाव अजून कुणाला तरी आठवत असेल. ते चिठ्ठीवर लिहा, मग तो कुठल्याही जातीधर्माचा असो. नाव मिळालेच नाही, तर नुसते ‘अपशिंग्याचे सेहेचाळीस’ असे लिहा, मी तसे वाचीन. चिठ्ठ्या मिस्सेपूर्वी सॅक्रिस्टीत आणून द्याव्यात. अक्षर कृपया मोठे काढावे.

आपला,
धर्मगुरू