पहाऱ्याचे दुसरे टोक

"त्याला तिथे काम ते काय हो! पडद्याकडे पाहत बसायचं. पाहायचं ते यंत्र पाहतं, हा नुसता हजर असतो." उत्तर सीमेवरील एका दुर्गम रडार-ठाण्यावर नेमणूक झालेल्या आपल्या भाच्याविषयी मुलुंडच्या एका सद्गृहस्थांनी हे उद्गार काढले, तेव्हा त्यांत कुत्सितपणाचा लवलेशही नव्हता; उलट पोर सुखरूप आहे, गोळीबारापासून दूर आहे, हे समाधानच त्यांत होते. तरीही ते वाक्य माझ्या मनात सलत राहिले, आणि त्याला उत्तर दिल्यावाचून राहवेना.

रडार म्हणजे काय, हे आज समजावून सांगण्याचे प्रयोजन नाही. लष्करी ठाणीही आम्हा उपनगरवासीयांना अपरिचित नाहीत. मढचा किल्ला हवाई दलाच्या ताब्यात आहे, आणि मुलुंड-ठाण्याच्या माथ्यावरील येऊरच्या डोंगरातही त्या दलाचे ठाणे आहे. परंतु मढचा शिपाई रजा मिळताच मालाडची बस पकडू शकतो. मी ज्या ठाण्यांविषयी लिहितो आहे, तेथून बस सुटत नाही. त्यांचा सर्वांत टोकाचा दाखला म्हणजे अमेरिका व कॅनडा यांनी १९५७ साली कार्यान्वित केलेली 'ड्यू लाइन'. सोव्हिएत बॉम्बफेकी विमाने ध्रुवप्रदेशावरून चालून आली, तर निदान काही तास आधी वर्दी मिळावी, एवढ्यासाठी अलास्कापासून कॅनडाच्या आर्क्टिक भागाच्या पूर्व टोकापर्यंत, आर्क्टिक वर्तुळाच्याही उत्तरेस, साठाच्या आसपास ठाणी उभी राहिली. त्यांतल्या धाकट्या ठाण्यांवर एक प्रमुख, एक यंत्रकार आणि एक आचारी, एवढीच माणसे असत. हिवाळ्यात आठवडेच्या आठवडे सूर्य उगवत नसे आणि खिडकीबाहेर बर्फावाचून काही नसे. अशा तिघांपैकी एक आचारी असावा, हे ज्याने ठरवले त्याला माणूस कळत होता, असे मला वाटते. ज्या विमानांसाठी हा सारा खटाटोप झाला, ती विमाने कधीच आली नाहीत.

प्रसंगाला सामोरे जाणारे धैर्य निराळे आणि प्रसंग न येण्याला सामोरे जाणारे धैर्य निराळे, हा भेद मला फार दिवसांपासून महत्त्वाचा वाटत आला आहे. पहिल्याच्या वाट्याला पोवाडा येतो, पदक येते, चौकाला नाव मिळते. दुसऱ्याचे यश म्हणजे काहीही न घडणे. आणि जे घडले नाही त्याचा पुरावा कोणत्या दप्तरात सापडणार? म्हणून त्या गृहस्थांना मी असे सांगणार होतो की, तुमचा भाचा तेथे नुसता हजर नाही. तो तपश्चर्या करतो आहे, आणि रित्या पडद्यापुढे अविचल बसणे हीच त्याची साधना आहे.

परंतु या तपश्चर्येच्या कल्पनेपुढे एक प्रयोग आडवा येतो. दुसऱ्या महायुद्धात पाणबुड्यांचा माग काढणाऱ्या ब्रिटिश विमानांतील रडारचालकांच्या नजरेतून खुणा निसटतात, असे आढळल्यावरून नॉर्मन मॅकवर्थ या मानसशास्त्रज्ञाने केंब्रिजमध्ये त्याचा शोध घेतला. त्याचा निबंध १९४८ साली प्रसिद्ध झाला. आकडे नसलेल्या तबकडीवर एक काटा सेकंदासेकंदाला एकेक पाऊल पुढे सरकत असे, आणि क्वचित एकदम दोन पावले टाकत असे. ते दुहेरी पाऊल दिसले की कळ दाबायची, एवढेच काम. आणि असे दोन तास बसायचे. तरुण, निरोगी, कर्तव्यदक्ष माणसे या कामाला बसवली. तरी पहिल्या अर्ध्या तासातच त्यांचे अवधान ढळू लागले आणि दुहेरी पावले निसटू लागली. हा चारित्र्याचा दोष नव्हे, हा माणसाच्या देहाचा धर्म आहे. याच मॅकवर्थला आणखी दोन गोष्टी आढळल्या: अर्धा तास काम आणि अर्धा तास विसावा अशी पाळी लावली, तर अवधान टिकते, आणि मधेच दूरध्वनीवरून दोन शब्द सांगितले, तर ढळलेले अवधान काही काळ पुन्हा सावरते.

मग ते गृहस्थच बरोबर म्हणायचे काय? पाहण्याचे काम यंत्रावरच सोपवावे काय? ड्यू लाइनच्या योजकांनी खुणेसरशी वाजणारी घंटा यंत्राला बसवली होती, एवढा त्या गृहस्थांचा मुद्दा मला मान्य आहे. पण त्यापुढे मात्र नाही. ५ ऑक्टोबर १९६० रोजी ग्रीनलंडमधील थुले येथील नव्या, अतिविशाल रडारने क्षेपणास्त्रांचा हल्ला येत असल्याची वर्दी दिली; वस्तुतः क्षितिजावर चंद्र उगवत होता आणि त्याच्यावरून परतलेल्या लहरी यंत्राने शत्रूच्या मानल्या. सोव्हिएत पंतप्रधान ख्रुश्चेव्ह त्याच वेळी न्यूयॉर्कमध्ये आहेत, मग हल्ला कसा होईल, हा विचार यंत्राने नव्हे, माणसाने केला. यंत्र दाखवते, दिसलेल्याचा अर्थ लावणारा कोणीतरी लागतोच.

आणि हा अर्थ लावणारा पुष्कळदा ठाण्यावर नसतोच. ७ डिसेंबर १९४१ च्या पहाटे हवाई बेटांवरील ओपाना येथे लॉकार्ड आणि एलियट हे दोन साधे शिपाई फिरत्या रडारवर होते. सात वाजता त्यांची पाळी संपली. पण न्याहारीला नेणारी गाडी यायची होती, म्हणून एलियटच्या सरावासाठी यंत्र चालूच ठेवले होते. सात वाजून दोन मिनिटांनी सुमारे दोनशे किलोमीटरांवर पडद्यावर एवढी मोठी खूण उमटली, की यंत्र बिघडले असावे अशी शंका यावी. त्यांनी ती तपासली आणि शहरातील फोर्ट शाफ्टर या लष्करी तळाला फोन केला. तेथे हजर असलेल्या, त्या कामाला नवख्या लेफ्टनंटने आपलीच विमाने मुख्य भूमीवरून येत असतील असे मानले आणि काळजी करू नका म्हणून सांगितले. तासाभराच्या आत पर्ल हार्बर पेटले. दूरच्या ठाण्यावर डोळे उघडे होते. मिटला होता तो शहरातला कान.

पाळी-बदलीच्या बाबतीत येथे गडांची आठवण होते. शिवकालीन गडाचा कारभार एकाच्या हाती नसे, हवालदार, सबनीस आणि सरनोबत यांच्यात तो वाटलेला असे. आणि या अधिकाऱ्यांना एका जागी कायम न ठेवता त्यांच्या बदल्या होत. फंदफितुरीला वाव राहू नये, हे त्याचे कारण इतिहासकार सांगतात, आणि ते खरेच आहे. तथापि ज्या नजरेला तीच दरी वर्षानुवर्षे दिसते, त्या नजरेला त्या दरीतला फरक दिसेनासा होतो, हे टाळणेही त्या धोरणाने आपोआप साधले असले पाहिजे. आणि एकांताचे म्हणाल, तर येऊरच्या ज्या डोंगररांगेत हवाई दलाचे ठाणे आहे, त्याच रांगेत कान्हेरीची शंभराहून अधिक लेणी आहेत. एकांत ज्यांनी स्वेच्छेने पत्करला, त्या भिक्षूंनीही ती शेजारीशेजारी खोदली, पाण्याची टाकी खोदली आणि एकत्र जमण्यासाठी मोठे दालनही कोरले. हुकमाने एकांतात गेलेल्याची सोय त्याहून कमी का असावी?

म्हणून तपश्चर्येचे ते उत्तर आता मी त्या गृहस्थांना देणार नाही. ज्याला आपण तपस्वी म्हणतो, त्याची पाळी कमी करावी, त्याला वेळेवर बदली माणूस द्यावा, त्याने कळवलेल्या प्रत्येक खुणेचे पुढे काय झाले हे त्याला परत कळवावे, असे आपल्याला सुचतच नाही. स्तुती केली की आपण मोकळे. पराक्रमी माणसाला स्तुती पुरत असेल, पहारेकऱ्याला ती पुरत नाही. अर्ध्या तासात ढळणारे अवधान गृहीत धरून ज्या ठाण्याची व्यवस्था आखली आहे, ते ठाणे सुरक्षित; ज्याची भिस्त माणसाच्या अलौकिक सहनशक्तीवर आहे, ते नव्हे.

ज्यांच्या घरचे कोणी अशा ठाण्यावर तैनात आहे, त्यांना माझी विनंती आहे. त्याचा फोन लागेल तेव्हा "काय दिसतं रे तिथून?" असे विचारू नका, ते त्याने सांगू नये. झोप पुरते का, बदलीचा माणूस वेळेवर येतो का आणि जेवण बरे मिळते का, एवढे मात्र दर वेळी विचारा.