डांबराची मर्जी

शाळेत घर्षणाचे दोन रकाने असत: फायदे आणि तोटे. तोट्यांचा लक्षात राही, कारण त्यात झीज, उष्णता, वाया गेलेली ऊर्जा असे सगळे ठळक गुन्हे होते. फॉर्म्युला वनच्या गाडीबद्दल बोलतानाही आपण त्याच रकान्यात अडकतो आणि अश्वशक्ती मोजत बसतो. पण इंजिन नुसते चाक फिरवते. गाडीला पुढे ढकलते ते डांबर, आणि तेही टायरला जेवढे धरून ठेवता येईल तेवढेच. ब्रेक आणि वळण यांचीही तीच गत. पकडीची शिल्लक एकच. ती सगळी वळण्यात घालवली, तर ब्रेकसाठी काही उरत नाही.

त्यात रबर पुस्तकातले नियम पाळत नाही. पुस्तक म्हणते, घर्षण स्पर्शाच्या क्षेत्रफळावर अवलंबून नसते. मग शर्यतीचे टायर एवढे रुंद कशाला? कारण तापलेले मऊ रबर डांबराच्या खाचाखोचांत शिरते, चिकटते, आणि दाब वाढेल त्या प्रमाणात त्याची पकड मात्र वाढत नाही. शिवाय पकड सर्वाधिक असते तेव्हा टायर किंचित घसरतच असतो. अजिबात न घसरणारा चालक हळू चालवतो आहे, असे खुशाल समजावे.

तरी दाबाने पकड थोडीफार वाढतेच. मग दाब वाढवायला गाडीच जड केली तर? वळणात तेच वजन गाडीला बाहेर फेकू पाहते, म्हणजे हाती काहीच नाही. ही कोंडी हवेने फुटते, आणि ते लोटस संघाच्या कॉलिन चॅपमनच्या लोटस ७९ या गाडीने ठळकपणे दाखवले. गाडीचे पोट उलट्या पंखासारखे घडवले, की खालून वाहणारी हवा तिला जमिनीकडे ओढते; वजन न वाढता दाब वाढतो. १९७८मध्ये मुख्यतः याच गाडीच्या जोरावर मारिओ आंद्रेत्ती जगज्जेता झाला. गाडीच्या पुढच्या-मागच्या पंखांनी मिळवलेला दाब मात्र फुकट नसतो, सरळ रस्त्यावर हवेचा अडथळा सोसावा लागतो. म्हणून लांब सरळ रस्त्यांच्या मोंझाला पंख बारीक आणि वळणावळणांच्या मोनॅकोला थोराड.

आणि डांबरानेच साथ सोडली तर? नोव्हेंबर २०२०मध्ये इस्तंबूलच्या शर्यतीत ते दिसले. ट्रॅकवर नुकतेच ओतलेले डांबर अजून तेलकट, वर गारठा आणि पाऊस. टायर तापेनात. वर्षभर सगळ्यांना मागे टाकणाऱ्या मर्सिडीजचा लुईस हॅमिल्टन सहाव्या जागेवरून सुटला. त्याचा सहकारी बोट्टास गिरक्या घेत घेत मागे पडला. ट्रॅक हळूहळू सुकू लागला, तसे इतर बहुतेक जण नव्या टायरांसाठी पिटमध्ये वळले. हॅमिल्टन ओलसर ट्रॅकसाठीच्या त्याच टायरांवर पन्नास फेऱ्या धावला. त्यांच्या खाचा झिजून जवळजवळ सपाट झाल्या, आणि अर्धवट सुकलेल्या डांबराला नेमके तेच हवे होते. तो तीसहून अधिक सेकंदांनी जिंकला. त्याबरोबर त्याचे सातवे जगज्जेतेपदही पक्के झाले. ते मिळवून दिले ते तोट्यांच्या रकान्यातल्या झिजेने.